दोन राज्यांचा एक लिफाफा

मुळगावच्या आमच्या घरी माळ्यावर एक शिसवी पेटी आहे. जमिनीचे दस्तऐवज, पोर्तुगीज अमदानीतील ‘पापेल सेलाद’वर लिहिलेली खतपत्रे, कर भरल्याच्या पावत्या आणि देवस्थानाचे काही कागद असा तीतला ऐवज. वकिलीच्या व्यवसायामुळे असले कागद चाळण्याची सवय जडलेली असल्याने ही पेटी मी वरचेवर उघडतो. तीत एका खरेदीखताच्या घडीत राहून गेलेला एक लिफाफा आहे. त्यावर गिरगावातील एका चाळीचा पत्ता आहे आणि उजव्या कोपऱ्यात दोन तिकिटे शेजारी शेजारी चिकटविलेली आहेत. पहिल्या तिकिटावर एका जुन्या पोर्तुगीज नाण्याचे चित्र. ते १९५९ सालच्या मालिकेतले. दुसऱ्यावर भारताचा नकाशा. त्याची किंमत नव्या पैशांत. दोहोंवर मिळून एकच काळा शिक्का बसला आहे आणि त्या शिक्क्यात डिचोलीचे नाव पोर्तुगीज वळणाने रोमन अक्षरांत कोरलेले आहे. दिवसाचा आकडा पुसट झाला आहे. महिना व वर्ष मात्र स्पष्ट वाचता येतात. जानेवारी १९६२.

या लिफाफ्याला भावंडे होती. आमच्या आजोबांचे धाकटे बंधू मुंबईस नोकरीला होते. गावाहून गेलेले प्रत्येक पत्र त्यांनी जपून ठेवले आणि निवृत्तीनंतर ते गाठोडे घेऊनच ते मुळगावास परतले. नऊ-दहा वर्षांचा असताना मला तिकिटे जमविण्याचा नाद लागला. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी ते सारे गाठोडे पितळेच्या परातीत भिजत घातले, तिकिटे सोडवून वहीत डकविली आणि ओले लिफाफे न्हाणीघराच्या चुलीत गेले. हा एक तेवढा खरेदीखताच्या घडीत असल्यामुळे माझ्या हाती लागला नाही. ती वही अजून माझ्यापाशी आहे. तीत रंगीत, सुबक, निष्कलंक तिकिटे आहेत. आणि ती तिकिटे कोणत्या दिवशी, कोणत्या गावाहून, कोणत्या वाटेने, कोणाच्या डोळ्यांखालून गेली हे त्यांपैकी एकही सांगू शकत नाही.

टपालतिकीट हा राज्याचा दावा असतो. ‘ही भूमी माझी, येथील पत्रे मी पोचवितो’ असे ते म्हणते. दावा खरा की खोटा हे दाव्याच्या अर्जावरून कधीच ठरत नाही. त्यास पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे टपालशिक्का, लिफाफ्याच्या पाठीवरील पोचशिक्के, तपासनिसाची पट्टी, कधी एखादी पेन्सिलीची रेघ. १८७२ च्या पुरावा कायद्याचे सोळावे कलम आणि २०२३ च्या ज्या अधिनियमाने त्याची जागा घेतली तो अधिनियम, दोन्ही टपालखात्याच्या नित्यक्रमावर विश्वास ठेवतात. इतिहासकाराने त्याहून अधिक विश्वास ठेवावयास हरकत नाही. गोव्यासारख्या प्रदेशात, जेथे शे-दीडशे वर्षे दावे एका बाजूला आणि व्यवहार दुसऱ्या बाजूला चालला, तेथे तर तिकिटापेक्षा लिफाफ्याची साक्ष अधिक मोलाची ठरते.

प्रारंभापासूनच पाहू. १ ऑक्टोबर १८५४ रोजी हिंदुस्थानभर चालणारी कंपनी सरकारची तिकिटे विक्रीस आली आणि त्याच साली नव्या गोव्यात, म्हणजे पणजीत, पोर्तुगीज टपालघराबरोबर ईस्ट इंडिया कंपनीचेही एक टपालघर उघडले. परक्याच्या राज्यात परक्याचे टपालघर! गोव्यातून बाहेर जाणाऱ्या पत्रावर व्हिक्टोरिया राणीचे मुखचित्र असलेले हिंदी तिकीट लागे. गोव्याची स्वतःची तिकिटे निघावयास आणखी सतरा वर्षे जावी लागली. योगायोग असा, की तारीख तीच होती: १ ऑक्टोबर १८७१.

ही पहिली तिकिटे संग्राहकांच्या जगात ‘नातिव्हुश’, म्हणजे ‘देशी’, या नावाने प्रसिद्ध आहेत. ती लिस्बनहून आली नव्हती, गोव्यातच छापली होती. १० रेइशपासून ९०० रेइशपर्यंत आठ किमती. मध्यभागी नुसता आकडा, भोवती ‘सर्व्हिसु पुश्ताल’ आणि ‘इंदिया पोर्त.’ ही अक्षरे. राजाचे मुख नाही की मुकुट नाही. छपाई इतकी ओबडधोबड, की एकाच किमतीच्या दोन तिकिटांत सारखेपणा शोधावा लागतो. आज संग्राहक भिंग घेऊन आकड्यामागील आडव्या रेघा मोजतात आणि हे ३३ रेघांचे, हे ४४ रेघांचे, असे त्यांचे गोत्र ठरवितात. रेघा मोजण्याच्या या व्यवसायास हसणारे पुष्कळ आहेत. मीही हसलो आहे. परंतु त्या रेघांवरूनच कोणता ठसा केव्हा झिजला आणि केव्हा नवा कोरावा लागला हे कळते. पणजीतील कोण्या अनाम ठसेकाराच्या हातकामाची तेवढीच एक नोंद उरली आहे.

विशेष गोष्ट निराळीच आहे. ही तिकिटे गोव्याच्या सरहद्दीपर्यंतच चालत. पत्र पुढे मुंबईस वा अन्यत्र जावयाचे असल्यास शेजारी हिंदी तिकीट लावणे भाग होते. १८७७ साली पोर्तुगालच्या वसाहती जागतिक टपालसंघात दाखल झाल्या आणि एका देशाचे तिकीट दुसऱ्या देशात मानले जाऊ लागले, तेव्हा ही दुहेरी रीत संपली. त्याच साली मुकुटाच्या चित्राची नवी तिकिटेही आली. म्हणजे १८७१ ते १८७७ या सहा वर्षांत गोव्याबाहेर गेलेल्या पत्रांवर पोर्तुगीज आणि हिंदी अशी दोन्ही तिकिटे शेजारी शेजारी दिसतात. पेटीतल्या लिफाफ्यावर जे दृश्य आहे तेच, नव्वद वर्षांपूर्वीचे. पोर्तुगीज हिंदच्या तिकिटांचा जन्म हिंदी तिकिटाच्या शेजारी झाला आणि अंतही त्याच्याच शेजारी झाला.

मधल्या काळावर फार रेंगाळत नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याचे चलन ब्रिटिश हिंदच्या चलनाशी जुळवून घेतले: बारा रेइशचा एक टांगा, सोळा टांग्यांचा एक रुपया. म्हणजे रेइश ही पै झाली आणि टांगा हा आणा झाला. रुपयांची नाणीसुद्धा कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली. जुनी तिकिटे फेकून न देता त्यांवर नव्या किमती छापण्याचा सपाटा सुरू झाला. त्या गोंधळाने संग्राहकांची तीन पिढ्या करमणूक केली आहे. सार्वभौमत्वाचा मुकुट तिकिटाच्या मध्यभागी आणि त्यावरून काळ्या शाईत मारलेली इंग्रजी हिशेबाची किंमत, एवढे एकच चित्र त्या काळाचे सार सांगावयास पुरे आहे.

आता युद्धाकडे वळू. पहिल्या महायुद्धात पोर्तुगाल बराच काळ कुंपणावर बसून होता. ९ मार्च १९१६ रोजी जर्मनीने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि तो त्यात ओढला गेला. या युद्धाचे बिल गोव्याच्या टपालावर आले ते १९१९ साली, म्हणजे तोफा थंडावल्यानंतर. ‘ताशा द गेर्रा’, युद्धकर, अशी अक्षरे छापलेली तीन तिकिटे निघाली. त्यांच्या किमती पाहून कोणीही चक्रावून जाईल. पहिले ० रुपये, ० टांगे, ५.४८ रेइश; दुसरे ० रुपये, १ टांगा, ९.९४ रेइश, तिसरे ० रुपये, २ टांगे, ३.४३ रेइश. एका पैचा शंभरावा हिस्सा! तो चुकता करावयास गोव्यात नाणे नव्हते. वाण्याच्या दुकानातही असला हिशेब कोणी केला नसेल. थोडी आकडेमोड केली की कोडे सुटते. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर सेंताव्ह हे नवे नाणे सुरू झाले होते. एक रुपया म्हणजे ३५ सेंताव्ह असा भाव धरला, तर या तीन किमती म्हणजे बरोबर १, ४ आणि ५ सेंताव्ह होतात. कर लिस्बनच्या हिशेबात आकारला आणि येथील रुपया-टांग्यांत बसवून दिला. मधल्या अपूर्णांकांचे काय करावयाचे, हा विचार कोणास सुचला नाही. दूरच्या राजधानीने चालविलेल्या राज्यकारभाराचे इतके नेमके चित्र मला तरी एखाद्या ग्रंथात आढळले नाही.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला, त्यामुळे तिकिटे मुकी आहेत. १९३८ च्या मालिकेवरील व्हास्को द गामा आणि आल्बुकर्क यांच्या चेहऱ्यांवर युद्धाची सावली नाही. लिफाफे मात्र बोलतात. गोव्याचे टपाल रेल्वेने कॅसलरॉकवरून ब्रिटिश हद्दीत शिरे. तेथे ते उघडले जाई, वाचले जाई आणि बाजूला ‘ओपन्ड बाय एक्झॅमिनर’ अशी छापील पट्टी डकवून पुन्हा बंद केले जाई. तटस्थ राज्याच्या प्रजाजनाने आपल्या भावास लिहिलेले पत्र एका युध्यमान राष्ट्राचा तपासनीस वाचत होता. कायद्याची गंमत पाहा: १९०७ च्या हेगच्या अकराव्या कराराने भर समुद्रात जहाजावर सापडलेल्या टपालाला अभय दिले होते. (दोन्ही महायुद्धांत ते अभय कागदावरच राहिले, ही गोष्ट वेगळी.) कॅसलरॉकच्या गाडीतील टपालाला तर तेवढे कागदी अभयही नव्हते.

त्याच काळात मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ व ‘ब्राउनफेल्स’ ही तीन जर्मन जहाजे आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज आश्रयाला येऊन पडून होते. (आमच्या मुळगावाशी या मुरगावाचा एका अक्षराच्या फरकाएवढाच संबंध.) ‘एरेनफेल्स’वरील बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना वार्ता जातात असा ब्रिटिशांना संशय होता. साऱ्या गोव्याची पत्रे उघडून वाचणाऱ्या सरकारला बंदरातील एका यंत्राचा आवाज बंद करता येईना, कारण बंदर तटस्थाचे! अखेर ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी दलातील, एरवी कचेऱ्यांतून काम करणाऱ्या, वयस्क गृहस्थांनी एका मालवाहू गलबतातून येऊन जहाजावर हल्ला केला आणि जर्मन व इटालियन खलाशांनी आपली चारही जहाजे स्वतःच बुडविली. हा प्रकार जेम्स लेझर यांचे पुस्तक १९७८ साली निघेपर्यंत जगापासून लपलेला होता. ज्या सरकारने इतरांची पत्रे उघडली त्याने स्वतःची गोष्ट पस्तीस वर्षे बंद लिफाफ्यात ठेवली.

याच बंदराने त्याच वर्षी एक निराळे दृश्यही पाहिले, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. ऑक्टोबर १९४३ मध्ये न्यूयॉर्कहून ‘ग्रिप्सहोल्म’ हे स्वीडिश जहाज अमेरिकेतील जपान्यांना घेऊन आणि पूर्वेकडून ‘तेइआ मारू’ हे जपानी जहाज जपानच्या ताब्यातील अमेरिकन व इतर नागरिकांना घेऊन मुरगावास आले. दोन्ही बाजूंचे सुमारे दीड-दीड हजार लोक धक्क्यावरून एकमेकांच्या जहाजांवर गेले. त्यांच्याबरोबर रेडक्रॉसचे खोके आणि टपालाच्या थैल्याही गेल्या. जपानच्या छावण्यांत अडकलेल्या कैद्यांना घरची जी थोडी पत्रे पोचली त्यांतील काही या वाटेने गेली. त्या पत्रांवर गोव्याचे तिकीट नाही, गोव्याचा शिक्का नाही. कागदावर गोव्याचे नावही नाही. तरीही गोव्याच्या टपाल-इतिहासातले हे एक मोठे पान होय, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर दाव्याची भाषा चढू लागली. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट रोजी नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. मुक्त भागात सापडलेल्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘लिबरेटेड एरियाज’ अशी अक्षरे छापली गेली. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा गुदरला. आणि तो चालू असताना १९५७ साली पोर्तुगीज हिंदसाठी तिकिटांची जी मालिका काढली तिच्यावर चित्र होते दमण, दादरा व नगर हवेलीच्या नकाशाचे. तीन वर्षांपूर्वी गमावलेला मुलूख! ही तिकिटे म्हणजे दाव्याच्या अर्जाला जोडलेला नकाशाच होता, इतकेच की तो न्यायालयात दाखल न करता प्रजेकडून जिभेने ओला करून चिकटवून घेतला जात होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने पोर्तुगालला खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मानला, सैन्य व शस्त्रे यांना नाकारला आणि भारताने काही बेकायदा केले नाही असे ठरविले. नकाशाच्या तिकिटांनी त्यात काही भर घातली नाही.

इकडे १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्यातील पत्रादेवीस सत्याग्रहींवर गोळीबार झाला, रेल्वे बंद पडली, सरहद्दीवर नाकेबंदी आली. पोर्तुगीजांनी दाबोळीस विमानतळ उभारून कराचीशी दुवा जोडला. डिचोली-पेडण्याच्या घराघरांतील मुंबईस असलेली माणसे आणि गावात राहिलेली माणसे यांच्यामध्ये आता खरोखरीची भिंत उभी राहिली. त्या सहा वर्षांत आमच्या घरून गिरगावात गेलेली पत्रे कोणकोणत्या गावांचे शिक्के अंगावर घेऊन पोचली, ती कोठे थबकली, कोणी उघडली, हे त्या लिफाफ्यांनी अचूक सांगितले असते. ते माझ्या परातीत विरघळले.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे डिचोली, अस्नोडा व शापोरा येथील पूल पोर्तुगीजांनी सुरुंगांनी उडविले; दोडामार्गाकडून आलेल्या भारतीय तुकड्या तरीही डिचोली भागातून पुढे सरकल्या आणि १९ तारखेस राज्य संपले. भारतीय तिकिटे गोव्याच्या टपालघरांत आली २९ डिसेंबरला. जुनी तिकिटे ५ जानेवारी १९६२ पर्यंत स्वीकारली जात होती. त्या थोड्या दिवसांत लोकांनी कधी एक, कधी दुसरे, कधी दोन्ही तिकिटे लावली. शिक्के मात्र बदलले नाहीत. नवे शिक्के येईतो पोर्तुगीज अमदानीतले पोलादी शिक्केच भारताच्या नकाशावर उमटत राहिले, ते थेट मे १९६२ पर्यंत. त्याच महिन्यात येथील छावण्यांतून ठेवलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी मायदेशी रवाना झाले. १९४९ च्या जिनीव्हा करारान्वये युद्धकैद्याच्या पत्राला तिकीट लागत नाही. त्यामुळे गोव्यातून पोर्तुगालला गेलेली पोर्तुगीज शिपायांची ती शेवटची पत्रे कोणत्याच राज्याचा दावा मिरवीत नव्हती. लिस्बन मात्र हाती नसलेल्या प्रदेशाच्या नावाने त्यानंतरही तिकिटे काढीत राहिले. ती गोव्यातील एकाही टपालघरात विकली गेली नाहीत. म्हणून जाणकार त्यांना तिकिटे मानीत नाहीत, रंगीत कागद मानतात.

राज्य नेमके केव्हा बदलले, असा प्रश्न कोणी मला वकील म्हणून विचारला तर उत्तर सोपे नाही. संविधानाच्या बाराव्या दुरुस्तीने गोवा भारतात आला तो २० डिसेंबर १९६१ पासून; सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली एका गोमंतकीय धर्मगुरूच्या खटल्यात हीच तारीख ग्राह्य धरली. पोर्तुगालने ही वस्तुस्थिती मान्य केली ती ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने. १९६२ च्या कायद्याने जुने कायदे, बदलेपर्यंत, चालू ठेवले. पोर्तुगीज नागरी संहितेचा अंमल कुटुंबविषयक बाबींत आम्ही अजून पाहतो. मी दर आठवड्यास ज्या कागदांवर युक्तिवाद करतो त्यांतील निम्मे त्या जुन्या शिक्क्याखालचे असतात. तेव्हा भारताच्या नकाशावर पोर्तुगीज शिक्का बसलेला तो लिफाफा मला गमतीचा वाटत नाही. तो आमच्या नित्याच्या कामकाजाचा नमुनाच आहे.

डिचोली, पेडणे, सत्तरीच्या जुन्या घरांतून असे लिफाफे अजून असतील. वाळवी आणि पावसाळा यांच्यातून जे वाचले त्यांचे वैरी माझ्यासारखे हौशी संग्राहक आहेत. कोणाच्या घरी असे गाठोडे निघाले तर तिकिटे सोडवू नयेत, लिफाफा फाडू नये, आतील पत्र त्याच्यापासून वेगळे करू नये. कोरड्या जागी सपाट ठेवावे आणि कोणी कोणास लिहिले एवढे एका चिठीवर टिपून ठेवावे. बाजारात सुट्या तिकिटाला येणारी किंमत बहुधा चहाच्या कपाएवढी असते.

आमच्या लिफाफ्यातील पत्र दोन पानी आहे. त्यात कुळागरात पाणी नीट पोचत नसल्याची तक्रार आहे, एका आजारी गाईची हकीकत आहे, केळबाईच्या देवळातील कोणा मानकऱ्याशी झालेला खटका आहे. मुक्तीविषयी एकच वाक्य: ‘इकडे सर्व शांत आहे, काळजी करू नये.’ आणि अगदी शेवटी, समासात उभ्या ओळीत, ताजा कलम: ‘कोणते तिकीट चालेल ते कळेना. विचारले तर दोन्ही लावलेली बरी म्हणाले, म्हणून दोन्ही लावली आहेत. पत्र पोचल्याचे लिहिणे.’